पद्मिनीचं इंजिन घरीच खोललंय (अपडेट : सुरू झालं!)

अंगणातला मिस्त्री
नमस्कार मंडळी,

घरी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी नंबर लावून घेतलेली, अण्णांनी २०११ पर्यंत चालवलेली. त्यानंतर ती शेडमध्ये उभीच आहे. बॉनेटला सायकली टेकवल्या जातात आणि डिकीत कांदे असतात. मुक्काम कोल्हापूर, म्हणजे चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने त्याची ओल.

या मे महिन्यात ठरवलं, इंजिन करायचं आणि घरीच करायचं. घरीच का, तर शेवटचं काम एका गॅरेजला दिलं होतं (नाव नको) आणि तिथून आल्यापासून आयडलला ऑइलचा दिवा मिणमिणायचा. "जुन्या गाडीला चालायचंच" असं सांगून त्यांनी बोळवण केली होती. ते खरं कारण आता चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची परात) उतरवल्यावर हातात आलं. गॅस्केटला सिलिकॉन इतकं थापलं होतं की आतल्या बाजूला दाबून निघालेल्या लाल शेवया ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन चिकटल्या होत्या. निम्मी जाळी बंद. माझा एवढाच राग आहे, तो इथे काढून झाला, आता कामाचं बोलतो.

सध्याची स्थिती : इंजिन जाम होतं. चारही प्लग काढून भोकांत अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल ओतलं. रोज संध्याकाळी पुलीच्या नटावर पाना लावून जरा इकडे, जरा तिकडे जोर द्यायचा. झटका नाही, लांब पाइप नाही. आठ दिवस ढिम्म. नवव्या दिवशी एक सूत हललं. आई तुळशीला पाणी घालत होती, तिला वाटलं मला काहीतरी चावलं.

आता हेड (सिलेंडरांवरचं झाकण) निघत नाहीये. नट सगळे काढलेत, रॉकरही (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांड्या) उतरवलाय. हेड स्टडना धरून बसलंय. काय करावं?

हौशी हातोडा
फटीत पटाशी घालून एक ठेवून द्या की.

मायक्रोमीटर
हातोडा, तुमचं नाव सार्थ आहे. ब्लॉक बिडाचा आहे, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पटाशीने पडलेली एक खाच म्हणजे पुढे कायमची गळती.

मिस्त्री, दोरीची युक्ती करा. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडत राहायची, जाईल तेवढी. टोक बाहेर ठेवायला विसरू नका. मग पुली हाताने फिरवायची. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा हेडला खालून ढकलतो. रॉकर काढलाय म्हणजे व्हॉल्व्ह सगळे बंदच आहेत, तेव्हा त्यांना धोका नाही. त्याआधी दोन दिवस स्टडच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल मुरू द्या. एका सिलेंडरवर हट्ट धरू नका. एक आणि चार एकदम वर येतात, दोन आणि तीन एकदम. जोडीने दोरी घाला म्हणजे हेड सरळ उचलेल.

काळीपिवळी
वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या बाबांची पद्मिनी टॅक्सी होती, मुंबईत. रिंगा बदलायचं काम ते आणि आमच्या चाळीतले मिस्त्रीकाका शनिवारी रात्री सुरू करायचे आणि सोमवारी सकाळी गाडी स्टँडवर. तेव्हा ऑपेरा हाऊसच्या स्पेअरपार्टच्या गल्ल्यांत जाऊन नुसतं "फियाट" (पद्मिनीला सगळे हेच म्हणायचे) म्हटलं की काउंटरवर पार्ट यायचा. पुढे टॅक्सीला वीस वर्षांची अट आली आणि २००३ च्या ऑक्टोबरात पासिंग झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आता मागितलं तर दुकानदार आधी तोंडाकडे बघतो, मग माळ्याकडे.

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

अंगणातला मिस्त्री
हेड निघालं! मायक्रोमीटर काका, दंडवत. आईची वाळत घालायची दोरी गेली, ती नवी आणून दिली.

आतली परिस्थिती अशी. तीन नंबरच्या सिलेंडरमध्ये गंजाचं कडं बसलंय, रिंग जिथे थांबली होती बरोबर तिथे. नखाला लागतंय. बोअर गेज आणून मापलं. मूळ माप ६८ मिमी, माझं वरच्या बाजूला सर्वात जास्त ६८.२४ आणि खाली ६८.०५. क्रँकचे बिग एंड जर्नलही (कनेक्टिंग रॉड जिथे बसतात ते गोल भाग) ओरखडलेत, तो सिलिकॉनच्या शेवयांचा प्रसाद.

तर बोअर करायचा (सिलेंडर आतून जरा मोठा कापून घ्यायचा), क्रँक ग्राइंड करायची, हेडचं फेसिंग (तळ सपाट घासणं). ही तीन कामं घरी होण्यासारखी नाहीत, ती उद्यमनगरात देणार. बाकी सगळं अंगणात.

उद्यमनगरकर
भावा, आमच्याच गल्लीत येणार म्हणायचं की. ऑइल इंजिनं आणि पंप ह्याच्यावर हे उद्यमनगर उभं राहिलंय, तुझं फियाटचं ब्लॉक म्हणजे आमास्नी पोरखेळ. फक्त एक काम कर. ब्लॉक द्यायला येशील तवा पिस्टन संगं घेऊन ये. लोक आधी बोअर करून घेतात आणि मग त्या मापाचा पिस्टन हुडकत पुण्या-मुंबईला हिंडतात. आणि ब्लॉकवर इंजिन नंबर कोरलाय त्या पट्टीला कुणाला हात लावू देऊ नको. फेसिंग करताना नंबर उडाला तर आरटीओत निस्तरता निस्तरता केस पांढरं हुतील.

मायक्रोमीटर
उद्यमनगरकरांशी शंभर टक्के सहमत. वर एक भर घालतो : चारही पिस्टन स्वतः मापा. डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. जुना पडून राहिलेला माल असतो, एका सेटमध्ये दोन कंपन्यांचे पिस्टन निघालेले मी पाहिलेत. ज्या पिस्टनचं जे माप, त्या सिलेंडरला तो बोअर, आणि पिस्टनच्या डोक्यावर मार्करने नंबर घाला.

रेवा
मस्त धागा. माझ्याकडे १९७९ ची आहे, चालू स्थितीत. दोन बाळबोध प्रश्न. एक, हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय करता? दोन, व्हिंटेजचं रजिस्ट्रेशन घ्यावं का?

मायक्रोमीटर
रेवाताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाहीत.

इथेनॉल : इंजिनाच्या लोखंडाला काही होत नाही, मार बसतो रबराला. पेट्रोल पंपाचा डायफ्राम, टाकीपासून येणारे पाइप, कार्ब्युरेटरमधली सीलं. जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, चिरतं आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकायला लागतं. सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घाला. हे आधी, रंगरंगोटी नंतर. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. तिसरं, त्यात ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं पातळ होतं. प्लग पांढरे दिसू लागले, गाडी ओढताना अडखळली, तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा करून बघा.

शिशाविना पेट्रोल चालेल का असंही काही जण विचारतात. शिसं २००० सालीच गेलं. आपल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट वेगळ्या बसवलेल्या असतात. एक्झॉस्टच्या सीट झिजल्या असतील तर कडक धातूच्या बसवा, प्रश्न मिटला.

काळीपिवळी
रजिस्ट्रेशनचं मी सांगतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी पाहिजे, मग नंबरात व्हीए येतं. तुमची १९७९ ची, अजून थोडं थांबावं लागेल. पण घाई करूही नका. त्या नोंदणीवर गाडी रॅली, प्रदर्शन अशाच कारणांसाठी काढता येते, रोज भाजी आणायला नाही. चालवायची असेल तर दर पाच वर्षांनी नेहमीचं री-पासिंगच बरं.

अंगणातला मिस्त्री
अपडेट, आणि एक मूर्खपणा.

पिस्टन पुण्यात नाना पेठेत मिळाले, तिसऱ्या दुकानात. दुकानदाराने डबा पुसून दिला तेव्हा धुळीखालून किंमत दिसली, ती वाचून आम्ही दोघंही हसलो. अर्थात ती त्याने घेतली नाही.

उद्यमनगरातून ब्लॉक बोअर होऊन आला. काय देखणं काम! आत बघितलं की तिरक्या रेघांची बारीक जाळी, टॉर्च मारली की चमकते. बोअरिंगवाल्या मामांनी बजावून सांगितलं होतं : रॉकेल-डिझेलने धुऊ नका, साबण आणि गरम पाण्याने धुवा. होनिंगची (त्या रेघा घासून काढण्याची) पूड तेलाने निघत नाही, रेघांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं.

धुतला. चार बादल्या पाणी, भांड्यांचा साबण, बाटल्या धुवायचा ब्रश. फडकं पांढरं आलं. मी खुशीत चहा प्यायला आत गेलो. बाहेर पाऊस. बशी खाली ठेवून परत आलो तर चारही सिलेंडर केशरी! हळद लावल्यासारखे. मोजून पंधरा मिनिटं झाली असतील. उघडं बीड आणि कोल्हापूरची जुलैतली हवा, दुसरं काय होणार. नशीब की वरवरचा होता, तेलाच्या फडक्याने निघाला, पण पुन्हा सगळं धुवावं लागलं. दुसऱ्यांदा अण्णा ऑइलचं फडकं घेऊन शेजारी उभे. मी धुतोय, ते पुसतायत, लगेच ते तेल लावतायत. पंधरा वर्षं या गाडीवर आमच्यात "विकून टाक" आणि "राहू दे" एवढंच बोलणं झालं होतं. आता ते मला फडकं कसं धरायचं ते शिकवत होते.

मग जुळवणी. ती कागदावर लिहिली तर दोन ओळींची आहे, करायला अकरा संध्याकाळी लागल्या. मेन बेअरिंग तीनच, त्यामुळे क्रँक पटकन बसते असं वाटतं. पण प्रत्येक कॅपखाली प्लॅस्टिगेजचा (बेअरिंगमधली फट मोजायचा मऊ) धागा ठेवून, कॅप टॉर्कला (ठरलेल्या जोराला) आवळून, परत उघडून, चपटा झालेला धागा पट्टीवरच्या खुणांशी ताडून बघायचा. मधल्या बेअरिंगला दोनदा शंका आली, दोनदा उघडलं. रिंगचे गॅप एकेक करून बोअरमध्ये घालून तपासले. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हा जुना हिशेब, म्हणजे आपल्याला साधारण पाव मिलिमीटरच्या जरा वर. दोन रिंगा कमी भरल्या, त्या कानशीने घासल्या. गॅप एकाखाली एक येऊ दिले नाहीत.

टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे तुकडे) जुनेच आहेत, पण काढताना अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबराने ठेवले होते. ज्या भोकातला टॅपेट त्याच भोकात. कॅमशी त्याची वर्षानुवर्षांची सोयरीक असते, अदलाबदल केली की दोघंही खराब.

परवा रविवारी स्टार्ट करणार. आशीर्वाद असू द्या.

हौशी हातोडा
खर्च किती आला हो एकूण?

अंगणातला मिस्त्री
मशिनिंगला आला तो परवडला. खरा चुराडा किरकोळीत होतो. वॉटर पंप, होज, क्लिपा, गॅस्केट सेट, टायमिंग चेन, क्लच प्लेट ("आता उघडलंच आहे तर" या वाक्याने माणूस भिकेला लागतो). आकडा इथे लिहीत नाही, घरचे सभासद आहेत.

मायक्रोमीटर
रविवारसाठी काही गोष्टी. ऑइल पंप कोरडा बसवला असेल तर तो तेल ओढणार नाही, जोडण्याआधी व्हॅसलीन भरून घ्या. ऑइलच्या दिव्यावर विसंबू नका, तात्पुरता का होईना, काट्याचा गेज लावा. प्लग न लावता नुसता स्टार्टर मारा, गेजवर प्रेशर येईपर्यंत. मगच प्लग. रेडिएटर भरताना हवा अडकते, होज दाबत दाबत भरा. आणि अग्निशामक हाताशी असू द्या, नसेल तर निदान ओलं गोणपाट. कार्ब्युरेटरच्या तोंडात वरून पेट्रोल ओतत स्टार्ट मारायची नाही म्हणजे नाही.

अंगणातला मिस्त्री
सुरू झाली नाही. :(

क्रमाने सांगतो. आधी स्टार्टरच मेल्यासारखा फिरत होता. बॅटरी नवी. तासभर शोधल्यावर कळलं, इंजिनाला मी हौसेने रंग दिलाय आणि अर्थिंगची पट्टी त्या रंगावर आवळली आहे. रंग खरवडला, स्टार्टर गरगरला. प्लगविना फिरवल्यावर गेजचा काटा उठला, तेव्हा अण्णांनी टाळी वाजवली.

मग प्लग लावले, चोक ओढला, चावी फिरवली. फट्ट! कार्ब्युरेटरच्या तोंडातून हातभर जाळ. गोणपाट होतं म्हणून भागलं, पण भुवईचे केस गेलेत. पुन्हा दोन वेळा तेच, फट्ट, फट्ट. करंट आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशनही चारही सिलेंडरला जवळजवळ सारखं. टायमिंगची खूण मी स्वतः जुळवली होती, एक नंबरचा पिस्टन अगदी वर आणून.

उद्यमनगरकर
भावा, पिस्टन वर आला म्हणतोस, पण कुठला वर? क्रँकच्या दोन फेऱ्यांत त्यो दोनदा वर येतोय. एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर भाईर टाकायला. पुलीवरची खूण दोन्ही टायमाला सारखीच दिसणार. तू धुराच्या टायमाला डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना करंट वाटतोय त्यो) बसवलायस बघ. करंट पडतोय तवा व्हॉल्व्ह उघडं, म्हनून जाळ कार्ब्युरेटरातनं.

मायक्रोमीटर
अगदी बरोबर. पडताळा सोपा आहे. रॉकर कव्हर काढा, पुली खुणेवर आणा आणि चार नंबरचे व्हॉल्व्ह बघा. पुली किंचित मागेपुढे केल्यावर चार नंबरचे दोन्ही रॉकर डुलत असतील, एक मिटतोय, दुसरा उघडतोय, तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. एक नंबरचेच डुलत असतील तर तुम्ही एक फेरी चुकलात.

उपाय त्याहून सोपा, डिस्ट्रिब्यूटर उपटू नका. फायरिंग ऑर्डर (प्लग पेटायचा क्रम) १-३-४-२. कॅपवर एक आणि चारच्या वायरींची अदलाबदल करा, दोन आणि तीनच्या करा. झालं.

काळीपिवळी
बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ही चूक न केलेला मिस्त्री अजून जन्मायचाय." आणि भुवईला खोबरेल लावायला सांगितलंय.

अंगणातला मिस्त्री
सुरू झाली!!!

एक नंबरचेच रॉकर डुलत होते. वायरी बदलल्या. चोक, चावी, दीड फेरीत पेटली. चेष्टा नाही, दीड.

पहिली दोन मिनिटं इतका धूर, की शेजारचे काका बादली घेऊन कुंपणाशी आले. जुळवणीच्या वेळी बोअरमध्ये लावलेलं तेल आणि मॅनिफोल्डवरचा नवा रंग, दोन्ही जळत होतं. आयडलला सोडली नाही, पंधराशे-दोन हजारांच्या आसपास धरून वीस मिनिटं चालवली. खालच्या होजच्या क्लिपेतून पाणी ठिबकलं, ती आवळली. प्रेशरचा काटा ठाम. बंद करायला मन होईना, पण अण्णा म्हणाले, "आता पुरे, तिला थंड होऊ दे."

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना हेडचे नट पुन्हा टॉर्कला आवळले, मधून बाहेर, त्याच क्रमाने. काही नट चांगलेच फिरले. टॅपेटही परत सेट केले. ऑइल २० डब्ल्यू ४० घातलंय, ते पाचशे किलोमीटरवर बदलणार.

हौशी हातोडा
अभिनंदन! आता पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही ना? आमच्याकडे गाडीवर "रनिंग इन" लिहून फिरायचे.

मायक्रोमीटर
उलट. फार लाडावली तर रिंगा बसत नाहीत, बोअर गुळगुळीत होतो आणि मग ती आयुष्यभर तेल पिते. टॉपला दामटायची नाही, खालच्या आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये रडवायची नाही. पण चढावर तिसऱ्यात मध्यम जोर द्या, मग पाय काढून तशीच उतरू द्या. जोर पडला की वायूच्या दाबाने रिंग बोअरला चिकटते, पाय काढला की पोकळीने तेल वर येऊन ती धुतली जाते. असं दहा-पंधरा वेळा.

अंगणातला मिस्त्री
तेच केलं. काल पन्हाळ्याला जाऊन आलो. वीसेक किलोमीटर, शेवटी चढ. अण्णा चालवायला, मी शेजारी, डोळे गेजवर. स्टिअरिंगवरचा गिअर त्यांच्या हाताला इतक्या वर्षांनीही न बघता सापडत होता, मला अजून दुसऱ्याऐवजी चौथा पडतो. वर पोचल्यावर बॉनेट उघडून तपासलं. पाणी जागेवर. ऑइल मागच्या सीलाकडून थेंब-थेंब गळतंय, एका झुणका-भाकरीत सात थेंब, मोजले. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची माझी तरी यंदा तयारी नाही. खाली पत्र्याचा डबा ठेवतोय.

उद्यमनगरकर
गळतंय म्हंजे आत तेल हाय. नाद खुळा!

पत्र्याची पेटी
नवीन सभासद आहे, धागा एका बैठकीत वाचला. आमच्या वाड्यात अ‍ॅम्बॅसडर आहे, २००६ पासून बंद, इंजिन जाम. डिझेल आहे. मलाही असंच करता येईल का?

अंगणातला मिस्त्री
डिझेलचं गणित वेगळं, वेगळा धागा काढा, मायक्रोमीटर काका तिकडेही येतील. तोवर स्टार्टर मारून बघू नका. इंजेक्टर काढा, भोकांतून ऑइल सोडा, भोकांवर कापडाचे बोळे बसवा आणि आठ दिवस गाडीकडे फिरकू नका.